पदराची तिसरी गाठ

एका राज्यात नदी एका मांत्रिकाच्या शब्दावर वाहत असे. ती डोंगरातून उतरवताना त्याने एकच अट घातली होती: इथली माणसे क्षमा करतील तोवर पाणी राहील. म्हणून तिथे रीत पडली. अपराध करणाऱ्याने आपल्या वस्त्राला गाठ मारायची, आणि ज्याचा अपराध झाला त्याने ती सोडायची.

राणी हेमांगदेने भर पावसाळ्यात आपल्या मुलाला पैलतीरी धाडले. नाव बुडाली, राजपुत्र परतला नाही. राणीने पदराला गाठ मारली. ती सोडणारा उरलाच नव्हता. मग तिनेही कोणाची गाठ सोडली नाही. तिचे पाहून प्रजेनेही सोडणे थांबवले. तिसऱ्या वर्षी नदी आटली, गुरे माना टाकू लागली.

राणी कोरड्या पात्रातून उगमापाशी गेली. तिथे उंबरावर धनेश पक्षी बसला होता.

"पाणी कुठे गेले?" तिने विचारले.

"तुझ्या मुलापायी पडलेल्या तीन गाठींत. उद्या सूर्य मावळायच्या आत सोड. नाहीतर मीही निघालो. उंबराला फळ नाही, मी काय तुझे राजपद खाऊ?"

पहिली गाठ माळीण चिमाची. राजपुत्राचा आवडता चाफा तिने थंडीत सरपणासाठी तोडला होता. राणीने ती सोडली. उगमाचा दगड ओलावला.

दुसरी नावाडी केरूची. तो एकटाच पोहून वाचला होता आणि तेव्हापासून गावाबाहेर राहत होता. राणी त्याच्या दारात बराच वेळ उभी राहिली. पुरात भिजलेल्या धोतराला मारलेली ती गाठ वाळून लाकडासारखी झाली होती. शेवटी तिने ती दातांनी सोडवली.

"पूर होता, केरू. तुला कसे कळणार होते?"

केरू तिची पाण्याची घागर उचलून मागोमाग डोंगर चढला. वर करंगळीएवढी धार लागली होती.

"तिसरी कोणाची?" राणीने विचारले. धनेशाने तिच्या पदराकडे पाहिले.

"ही सोडणारा नाही."

"मारली कोणी?"

"मी."

"नावाड्याला जे म्हणालीस, ते स्वतःला म्हणायला जीभ जड होते काय?"

राणीचा हात गाठीवर गेला आणि थांबला. सूर्य कड्याला टेकला होता. केरूने घागर खाली ठेवली.

"राणीसाहेब, मी टोक धरतो. तुम्ही सोडा."

त्याने टोक धरले. राणी अगदी हळू म्हणाली, "पूर होता, हेमा. तुला कसे कळणार होते?"

गाठ सुटली. दगड बाजूला सरला आणि पाणी दोघांच्या गुडघ्यांना लागून खाली धावले. राणी तिथेच बसून मुलासाठी रडली, तीन वर्षांत पहिल्यांदा. केरू शेजारी उभा राहिला.

पुढे त्या राज्यात कायदा झाला: ज्याची गाठ सोडणारा हयात नाही, त्याने ती स्वतः सोडावी, आणि शेजाऱ्याने टोक धरावे.