वाट बघणारी डोलकाठी

या, आत या. चपला काढायची गरज नाही, हे देऊळ नाही. लोक फुलं वाहतात म्हणून पाहुण्यांचा तसा समज होतो. जरा बाजूला उभे राहा, मध्ये दोरी लटकते आहे, तिला धक्का लागू देऊ नका.

ही आमची डोलकाठी. उंची बावन्न फूट, तळमजल्याच्या फरशीपासून थेट गच्चीपर्यंत एकसंध. लाकूड कोणतं यावर आजवर दोन सुतारांचं एकमत झालेलं नाही. चारही मजल्यांच्या तुळया हिच्यात अडकवल्या आहेत आणि जिना हिच्याभोवती फिरत वर जातो. माझगावात दगडी इमारती पुष्कळ आहेत, पण जहाजाच्या डोलकाठीवर उभी असलेली ही एकच, असं आम्ही तरी मानतो. नीट पाहा, साधारण छातीच्या उंचीवर लाकडाला खळगा पडला आहे. हाताच्या पंजाएवढा. तो कोणी कोरलेला नाही. बाहेर जाणारा प्रत्येक माणूस तिथं तळवा टेकवतो आणि म्हणतो, “येतंय गो.”

अठ्ठावीस घरं आहेत आमची. त्यांत गुजराती आहेत, तेलुगू आहेत, एक पारशी बाई आहेत, मी पेडण्याचा. पण या एका जागी सगळे मालवणी होतात. पारशी बाईंचं ‘येतंय गो’ ऐकण्यासारखं असतं. त्यामागची हकिगत सांगतो. मी विश्राम केरकर, इथल्या असोसिएशनचा सेक्रेटरी. चौतीस वर्षं हिशेब आणि भांडणं सांभाळली, तेव्हा सांगण्याचा हक्क मला आहे. आणि ही दोरी म्हणजे ओळंबा. डोलकाठीच्या शेंड्यापासून सोडलेला आहे. खाली फरशीत पितळेचा खिळा दिसतो ना? काठी सरळ असेल तर ओळंब्याचं टोक बरोबर त्या खिळ्यावर यायला हवं. आज ते बोटभर पूर्वेला आहे. का, ते शेवटी सांगेन.

असं सांगतात की ही इमारत बांधली गेली तेव्हा इथं कुणा जहाजवाल्या शेटची वखार होती, आणि वरच्या मजल्यांवर त्याच्या गलबतांवरची माणसं कुटुंबासह राहणार होती. जिना कशावर तोलायचा हा प्रश्न पडला. एवढं उंच लाकूड मिळेना. तेव्हा रावजी तांडेल नावाचा शेटचा माणूस पुढे आला. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. हा वेंगुर्ल्याकडचा. त्याचं जुनं गलबत त्या वर्षी मोडीत निघालं होतं. तो म्हणाला, माझी डोलकाठी घ्या. वीस वर्षं हिनं मला घरी आणलं आहे, आता हिला घरीच ठेवा.

अशी ती इथं उभी राहिली. रावजी दुसऱ्या मजल्यावर राहायला आला, बायकोला घेऊन. तिचं नाव भागीरथी. रावजीला नवं गलबत मिळालं. पण बंदरावर निघताना तो जुन्या काठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, “येतंय गो.” आपल्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, हे काही नवीन नाही. पण त्याची म्हणण्याची तऱ्हा अशी लाडाची की भागीरथी वरच्या कठड्यावरून म्हणायची, माका कधी असा सांगितलात नाय! डोलकाठीला ती सवत म्हणायची. सगळा जिना हसायचा.

हसणं थांबलं ते एका गोष्टीमुळे. रावजी परत यायचा असेल त्याच्या आदल्या दिवशी म्हणे ही काठी करकरायची. एकदाच, खालून वरपर्यंत. वारा नसतानाही. पहिल्यांदा कोणी लक्ष दिलं नाही, चौथ्या-पाचव्या वेळी भागीरथी आवाज ऐकून तांदूळ भिजत घालायला लागली. दुसऱ्या दिवशी नवरा दारात हजर. लोकांनी मग हसायचं सोडलं आणि जिन्यात हळू पाय टाकायला लागले.

एका वर्षी रावजी मंगळुराला कौलं आणायला निघाला. नेहमीसारखा हात ठेवला, नेहमीचे शब्द म्हणाला. आणि आला नाही.

गलबताची फळीसुद्धा कुठं लागली नाही. बरोबरच्या खलाशांच्या घरी वर्षभरानं रडून झालं, दिवसकार्यं झाली. भागीरथी रडली नाही. तिनं कुंकू पुसलं नाही. दिवेलागणीला ती खाली यायची, काठीच्या पायाशी पणती ठेवायची आणि लाकडाला सांगायची, “येतले हां. येतले.” पूर्वी जिला सवत म्हणत होती तिच्याशी आता तिचं तेवढंच बोलणं. बाकी कोणाशी फारसं नव्हतंच.

अशी बारा वर्षं गेली. बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचे विधी करून टाकावेत अशी आपल्याकडे रीत आहे, ते तुम्हाला ठाऊक असेल. दीर येऊन सांगून गेला. तिनं त्याला जेवायला वाढलं आणि परत पाठवलं.

त्याच वर्षी घरांची दारं लागेनाशी झाली. आधी दुसऱ्या मजल्यावरची, मग सगळीकडची. चौकटी वाकड्या झाल्या. भिंतींना भेगा गेल्या. जिन्याच्या पायऱ्या एका बाजूला कलल्या, पाण्याची घागर ठेवली की घरंगळायची. शेटनं यल्लप्पा नावाचा जुना गवंडी बोलावला. त्यानं गच्चीवरून ओळंबा सोडला. हाच तो. टोक हातभर पूर्वेला गेलं. पूर्वेला काय आहे? धक्का. डोलकाठी धक्क्याकडे वाकत होती आणि तिच्यात अडकलेली सगळी इमारत ओढत नेत होती.

यल्लप्पानं लाकूड ठोकून पाहिलं, टोचून पाहिलं, कान लावला. वाळवी नाही, कूज नाही. टेकू लावले, ते दोन दिवसांत निसटले. दोर बांधून ओढून पाहिलं, दोर तुटला. शेवटी हात झटकून तो सगळ्यांसमोर म्हणाला, “लाकडाला काय बी झालं न्हाई. ते कुणाची तरी वाट बगतंय. नारळी पुनवेच्या भरतीपातुर जिना कोसळंल बगा. मानसं काडा.”

माणसं काढा म्हणणं सोपं. अठ्ठावीस बिऱ्हाडं जाणार कुठं? आणि तिसऱ्या मजल्यावर तुळसा नावाची एक पोर बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेले, वैद्यानं तिला अंथरुणावरून हलवायचं नाही म्हणून बजावलेलं. तिला खाली आणायची तर ह्याच जिन्यानं. म्हणजे इमारत पडली तर तुळसा जाणार, तिच्यासाठी थांबलेले जाणार. आणि सगळ्यांना मनातून ठाऊक होतं की काठी कोणाची वाट बघते आहे आणि रोज संध्याकाळी तिला ‘येतले’ असं कोण सांगतं आहे. पण ते भागीरथीला सांगायला एकाचीही जीभ उचलेना. बाईला तू विधवा हो म्हणून कसं सांगायचं? लोक तिच्या दारापर्यंत जायचे आणि मीठ मागून परत यायचे. म्हणे तिनं आठवड्यात अर्धी बरणी मीठ वाटलं.

मिठाच्या बरणीचा तळ दिसला तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती दारात आली, जिन्यात उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “माका एक दीस दिया.”

तो दिवस तिनं कसा काढला हे सांगणारं कोणी नाही. दार ओढून घेता येत नव्हतं, तरी कोणी आत डोकावलं नाही, हे मात्र या इमारतीच्या लोकांबद्दल मी अभिमानानं सांगतो.

नारळी पौर्णिमेला भर दुपारी भरती लागली. गच्चीवरून माती गळायला लागली. यल्लप्पा ओळंबा धरून इथं उभा होता, जिथं तुम्ही उभे आहात. भागीरथी जिना उतरून आली. लग्नातलं लुगडं नेसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. वर कठड्याला माणसं चिकटून उभी. ती काठीजवळ आली. नवऱ्याचा हात जिथं टेकायचा तिथं तिनं आपला तळवा टेकवला. आणि म्हणाली,

“तेंच्या वतीन सांगतंय. जातंय गो. वाट बघू नको.”

मग कपाळावरचं कुंकू तिनं उजव्या हातानं पुसलं आणि तो हात पुन्हा लाकडावर ठेवला.

आता मी जे सांगतो ते माझ्या आजेसासऱ्यांनी त्यांच्या आजीकडून ऐकलेलं आहे. विश्वास ठेवा, न ठेवा. आधी समुद्राचा वास आला. मग लाकडातून पाणी सुटलं. वरून खाली, रेघांनी, संथ. कोणीतरी बोटावर घेऊन चाखलं, ते खारं होतं. बारा वर्षांत जी बाई रडली नव्हती ती तिथं काठीला धरून रडली, आणि तिचे अश्रू कोणते, लाकडाचं पाणी कोणतं, हे कळेना. मग काठी करकरली. एकदाच, खालून वरपर्यंत, तो परत यायचा तेव्हाची तीच करकर. आणि चारही मजल्यांवरची अठ्ठावीस दारं, जी वर्षभर चौकटीत बसत नव्हती, ती कोणी हात न लावता हळूच लागली. आपटली नाहीत. कोणी झोपलेलं असताना आपण लावतो तशी लागली. यल्लप्पानं खाली पाहिलं तर ओळंब्याचं टोक हातभर मागे, आपल्या जागी आलं होतं. त्याच जागी त्यानं हा पितळेचा खिळा ठोकला आणि मजुरी न घेता गेला. वर तुळसा बाळंत झाली. मुलगी झाली, आणि तीच माझ्या आजेसासऱ्यांची आई.

दुसऱ्या दिवशी भागीरथीनं सगळ्यांना बोलावलं. पांढऱ्या कपाळानं जिन्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “तिका वाट बघूची सवय आसा. ती मोडू नकात. भायर जाताना तिका सांगून जावा, नि परत येवा.” उठता उठता आणखी म्हणाली, “आणि जो येवचो नाय, तेच्या घरच्यान येवन सांगूचा. माझ्यासारखा बारा वर्सां तिका फसवू नकात.”

तेव्हापासून ही रीत. पुढे शेटच्या वारसांनी इमारत राहणाऱ्यांच्या नावावर केली, आम्ही अठ्ठावीस जण मालक झालो. दस्त लिहिताना वकिलानं विचारलं, सामाईक काय काय? जिना, गच्ची, विहीर, टाकी, डोलकाठी. तो म्हणाला, डोलकाठी काय लिहिता, मधला खांब लिहा. आमच्या सभेत एरवी दिवा कोणत्या रंगाचा लावायचा यावर दोन तास भांडण होतं, पण त्या दिवशी सगळे एका सुरात ओरडले. दस्तात डोलकाठीच आहे. घरं ज्याची त्याची, वाट बघणं सगळ्यांचं.

आजही घरातून कोणी कायमचं गेलं की अंगणात नेण्याआधी इथं थांबतात. घरचं माणूस हात ठेवतं आणि गेलेल्याच्या वतीनं ते दोन शब्द म्हणतं. या इमारतीत ‘जातंय’ हा शब्द तेव्हाच उच्चारतात, एरवी पोरांनासुद्धा उच्चारू देत नाहीत.

आता ओळंब्याचं सांगतो म्हणालो होतो.

मार्गशीर्षात माझी बायको शालन दवाखान्यात गेली. दोन दिवसांच्या तपासण्या, असं डॉक्टर म्हणाले होते. एका हातात थर्मास, दुसरा हात इथं ठेवला आणि म्हणाली, येतंय गो. पाचव्या दिवशी ती तिकडेच गेली. तिथूनच परस्पर नेलं. इथं आणलंच नाही, तेव्हा इथं थांबायचंही राहिलं. म्हणजे राहिलं असं मी म्हणतो. नंतर येऊन सांगता आलं असतं. रोज चार वेळा इथून जातो, हात ठेवतो, स्वतःपुरतं ‘येतंय’ म्हणतो आणि सटकतो. आठ महिने झाले. ओळंबा हलला तो तेव्हापासून. पहिल्या मजल्यावर माझं दार लागत नाही, उघडंच टाकून येतो. सगळ्यांच्या चौकटी कुरकुरायला लागल्या आहेत, सगळ्यांना कारण माहीत आहे आणि मला कोणी एक अक्षर बोलत नाही. हल्ली शेजारी माझ्याकडे सारखे मीठ मागायला येतात.

काल बरणी संपली.

तुम्ही अनोळखी माणसं आहात, म्हणून जमेल असं वाटतं. जरा सरका. माझा हात पोचू दे.

शालनच्या वतीनं सांगतोय. जातंय गो. वाट बघू नको.

ओळंब्याकडे मी बघणार नाही. तुम्ही बघा. आणि निघताना तुम्हीही हात ठेवा, पण खरंच परत येणार असाल तरच बोला, उगाच तोंडदेखलं नको.

वर दार लागल्याचा आवाज आला ना? पहिल्या मजल्यावर? हळूच?

माझंच ते. लॅचचं कुलूप आहे, आणि किल्ली आत खुंटीवर राहिली.