गोंदा पाथरवटाचे पूर्वज

“पूर्वज? आणि तुला?” राजा शूरपाल कडाडला.

गोंदा पाथरवट महालाच्या दरवाजाशी दगड बसवत होता. “ही कमान आमच्या पूर्वजांनी घडवली, महाराज,” एवढंच तो बोलला होता.

“अरे, पूर्वज राजांना असतात! तुला असतील ते बापजादे! आले, दगड फोडले, मेले! फार माज आलाय ना? मग उद्या तुझा एक पूर्वज दरबारात हजर कर. नाहीतर छिन्नी-हातोडा इथंच ठेवायचा आणि राज्याबाहेर चालतं व्हायचं!”

गोंदा घरी आला तो डोक्याला हात लावूनच बसला. जेवणाकडे त्याने पाहिलंही नाही. त्याची मुलगी म्हाळसा सगळं ऐकून फिसकन हसली.

“एवढंच ना? बा, तू जेव बघू. उद्या मी बोलते.”

दुसऱ्या दिवशी बापलेक दरबारात उभे राहिले.

“कुठाय पूर्वज?” राजाने मिशीला पीळ दिला.

“आणते, महाराज. पण आम्ही पडलो अडाणी. आधी शब्दाचा अर्थ तरी सांगा!”

दरबारचे शास्त्रीबुवा तुच्छतेने म्हणाले, “एवढंही ठाऊक नाही? पूर्व म्हणजे आधी, ज म्हणजे जन्मलेला. आधी जन्मलेला तो पूर्वज!”

“मग हा काय!” म्हाळसाने बापाला पुढे ढकललं. “माझ्या आधी जन्मला. आणि महाराज, तुमच्याही आधी जन्मलाय बरं का! पाया पडायचं तर पडून घ्या!”

दरबारात खसखस पिकली. राजा लालबुंद झाला. शास्त्रीबुवा घाईघाईने ओरडले, “छे, छे! अर्थ तसा असला तरी वापर तसा नाही! पूर्वज म्हणजे आपल्या कुळातले होऊन गेलेले!”

“म्हणजे मेलेले?”

“अर्थात!”

“मग आमचं काम सोपं झालं!” म्हाळसाने राजाला मुजरा केला. “महाराज, आमचे पूर्वज यायला तयार आहेत. फक्त आधी तुमचे निघू देत.”

“आमचे कशाला?”

“वा! तुमचे काय पायी येणार? पालखीतूनच येणार ना? ती पालखी खांद्यावर घेऊन आमचेच येतील! तुम्ही तुमच्यांना बोलवा, आमचे खालीच सापडतील!”

राजाने डोळे वटारले. “आणि आमचे आलेच नाहीत तर?”

“तर काय, महाराज? आमच्या बापजाद्यांनी खांदा दिल्याशिवाय तुमच्या पूर्वजांना पाऊलही उचलता येत नाही, एवढंच लोक म्हणतील!”

राजाच्या मिशा थरथरल्या. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून घेतले. आणि राजा एकदम असा खदखदून हसला, की मुंडासं घरंगळून मांडीवर आलं!

“पोरी, हरलो!” म्हणत त्याने मनगटातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. ते एवढं मोठं होतं, की म्हाळसाने सरळ दंडावर चढवलं. गोंदाला नदीकाठचं शेत इनाम मिळालं, आणि सनदेवर राजाने स्वतःच्या तोंडाने सांगून लिहवलं: ‘गोंदा पाथरवट व त्याचे पूर्वज यांस.’