पाटला आणि विजयमाला

"हाक मारली तरी ओ देत नाही गं ही. शिष्ट आहे, नाहीतर बहिरी तरी."

"बहिरी असली तर बरं, आई. शिष्टपणावर औषध नाही."

सासूबाई आणि नणंद क्षितिजाताई स्वयंपाकघरात बोलत होत्या. मी दाराशी होते, हातात रिकामा तांब्या. बहिरी नसल्यामुळे सगळं ऐकू आलं. लग्नात माझं दर्शनाचं संघमित्रा झालं. हाक आली की मीही इकडेतिकडे बघते, ही संघमित्रा गेली कुठे म्हणून.

संध्याकाळी पौर्णिमेची वंदना झाली. आमच्याकडे त्यानंतर कुणीतरी बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा सांगायची असते. सासूबाई म्हणाल्या, "आज सूनबाई सांगू दे." मी सांगितली ती अशी.

पूर्वी चंदनावती नगरीत सुदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने हत्तिणीचा जन्म घेतला होता. तह झाला तेव्हा नदीपलीकडच्या राजाने ती भेट म्हणून धाडली. तिकडे तिला पाटला म्हणत. इकडे राजमातेने हौसेने नाव ठेवलं, विजयमाला. माहूत हाक मारी, "विजयमाले, चल!" हत्तीण अदबीने बाजूला सरून वाट देई, विजयमाला कुणी मोठी असामी असावी, असं समजून. माहूत म्हणाला, "गर्विष्ठ आहे." राजमाता दुखावली. राजाने आज्ञा केली, "उद्या हिला लाकडं ओढायला अरण्यात धाडा." तिथे गेलेले हत्ती परत येत नसत.

हत्तीण विचारात पडली. 'मी विजयमाला नाही. पण पाटला तरी कुठे होते? तेही कुणी ठेवलेलंच. मग मी म्हणजे काय? सोंड? की कान?' तिने सोंड पाहिली, कान हलवून पाहिले.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी माहुताने साखळी काढून तिला आंघोळीला नदीत सोडलं. पलीकडे तिचं जुनं रान दिसत होतं. ती निम्मी नदी ओलांडून गेली. तेवढ्यात घाटावर स्नानाला आलेल्या राजमातेचा पाय घसरला आणि ती धारेला लागली.

"विजयमाले!" ती ओरडली. मग "पाटले!" मग नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हा नुसतं, "अगं! अगं!"

हत्तीण मध्येच थांबली. या काठावर विजयमाला, त्या काठावर पाटला. आपण कोण, ते तिला अजून कळलं नव्हतं. पण बुडणारीचं भय कळलं. ते कळायला नाव लागत नाही, ना तिचं, ना आपलं. ती जुन्या रानाकडे पाठ करून वळली आणि तिने राजमातेला सोंडेने उचलून घाटावर ठेवलं.

राजाने आज्ञा मागे घेतली. राजमाता ओल्या लुगड्यानिशी रडत म्हणाली, "आता तुला म्हणू तरी काय?" हत्तिणी बोलत नाहीत. बोलत असत्या, तरी आपलं नाव हिला ठाऊक नव्हतं.

कथेच्या शेवटी तेव्हाचे कोण आज कोण आहेत, हे सांगावं लागतं. तेव्हाचा माहूत त्या आजच्या क्षितिजाताई. राजमाता त्या सासूबाई. हत्तीण कोण, ते मला काही केल्या ठरवता येईना. करुणा हा या कथेचा गुण, एवढंच खात्रीने सांगितलं.

क्षितिजाताई मेणबत्तीची वात नीट करू लागल्या, ती नीटच होती. सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"मग हाक मारायची तरी कशी?"

"आई, नाव अंगवळणी पडेपर्यंत नुसतं 'अगं' म्हणा. मी येईन."