एका अक्षराचा राजपुत्र

एक होती राणी. राजाही होता म्हणा, पण तो आपला सदा दरबारात, म्हणून गोष्ट राणीची. तिचं नाव रेवती. गार्गे, आधी पाय पांघरुणात घे बघू. हं.

तर या रेवतीराणीला नवसासायासानं मुलगा झाला. सहाव्या दिवशी बाळाचं नशीब लिहायला सटवाई येते, ठाऊक आहे ना? तिच्यासाठी पाटावर कोरा कागद, बोरू आणि शाईची दौत मांडून ठेवतात. राणीनंही मांडली. पण बाळ इतकं गोजिरं की तिला धास्ती वाटली, दृष्ट लागली तर? काजळाची डबी हाताशी नव्हती. मग तिनं दौतीतच बोट बुडवलं. शाई तेव्हा काजळीचीच असायची, बरं का. एक तीट कपाळाला, एक गालाला, एक तळपायाला. आईचा जीव तो, तेवढ्यानं भरेना. मग तिनं त्याच तिटा आणखी मोठ्या केल्या.

मग सटवाई आली. त्या राज्यात अशी रीत होती की ती जी अक्षरं लिहील, त्यांनीच सुरू होणारे शब्द पुढे बाळाच्या जिभेवर यायचे. तिनं एक अक्षर लिहिलं, बोरू पुन्हा दौतीत घातला, तर दौत कोरडी ठणठणीत. सटवाईला काय, आणखी दहा घरं असतात. ती उठून गेली. सकाळी राणीनं पाहिलं, कागदावर एकच अक्षर, ‘प’. पहिलं तेच का लिहिलं? देवीला कोण विचारणार बाई.

बारशाला बाळाचं नाव ठेवलं भानू. भानू मोठा झाला, बोलायला लागला. पाणी म्हणायचा, पोळी म्हणायचा, पापड म्हणायचा, पोट भरलं की पुरे म्हणायचा. काही अडत नव्हतं त्याचं. पडला, घाबरला, झोप आली की म्हणायचा, पदर. मग राणी आपल्या पदराचं टोक त्याच्या मुठीत द्यायची. सगळं होतं, पण ‘आई’ नव्हतं. शेजारपाजारची शेंबडी पोरं आई आई करत धावायची, आणि राणी खिडकीत उभी राहून ऐकायची. माझ्याच बोटांनी मी त्याचे शब्द पुसले, असं म्हणून डोळे टिपायची. त्याच्या तोंडून एक हाक ऐकावी, एवढंच तिला हवं होतं.

मग राजानं एक शास्त्रीबुवा बोलावले. त्यांनी भानूला पोतंभर शब्द शिकवले. पद्म म्हणजे कमळ, पवन म्हणजे वारा, पन्नग म्हणजे साप. सगळे ‘प’चे. राणीनं विचारलं, आणि आईला? शास्त्रीबुवांनी शेंडीला गाठ मारली आणि म्हणाले, पयस्विनी, म्हणजे दूध देणारी. दाई पदराआड हसली. राणी म्हणाली, बुवा, गोठ्यातली कपिलासुद्धा दूधच देते. मग तो दोघींना एकच हाक मारणार का? शास्त्रीबुवा शिधा घेऊन घरी गेले.

मग बंदरात एक गलबत लागलं. त्यातून उतरला एक गोरा साहेब. तुमचं ते पी फॉर पॅरट आहे ना, तेच तो भानूला शिकवायला बसला. पॅरट म्हणजे पोपट, पॉट म्हणजे भांडं, पिलो म्हणजे उशी, पिग म्हणजे डुक्कर. भानूची गाडी भरधाव निघाली. मग साहेब म्हणाला, पापा म्हणजे बाप. भानू राजाकडे वळला आणि म्हणाला, “पापा.” झालं! राजा जो फुगला, त्यानं बोटातली अंगठी काढून साहेबाला दिली. राणीला आनंद झाला, आणि वाईटही वाटलं. खोटं कशाला बोला? तिनं हळूच विचारलं, आणि आई? साहेबानं पुष्कळ विचार केला आणि म्हणाला, पॅरेंट. म्हणजे आई पण आणि बाप पण.

राणी म्हणाली, “म्हणजे त्यातही माझ्या वाट्याला अर्धंच.” आणि ती आत निघून गेली.

मग गावाबाहेर एका बाभळीखाली सटवाईचं ठाणं होतं, तिथे राणी एकटीच गेली. कपाळ टेकलं, रडली, म्हणाली, चूक माझी आहे, लेकराला कशाला शिक्षा? बाभळीमागून आवाज आला, “लिहिलेलं मी पुसत नाही, राहिलेलं लिहीत नाही. तुझा पदर मला दे आणि घरी जा.”

हे काय मागणं, असं राणीच्या मनात आलं. पण देवीला नाही कसं म्हणायचं? तिनं टरकन पदर फाडला, बाभळीला बांधला, आणि उरलेलं लुगडं अंगाशी लपेटून ती परत निघाली.

इकडे भानू अंगणात कोंबडीमागे पळताना सपशेल आपटला. गुडघा फुटला आणि त्यानं भोकाड पसरलं, “पदर! पदर!” दाई धावली, तिनं आपला पदर दिला. त्यानं ढकलून दिला. दासीनं पेटीतून राणीचा जरीचा शालू आणला, त्याचा पदर हातात दिला. त्यानं तो धुळीत फेकला. इतक्यात राणी दारात आली. भानू धावत सुटला आणि तिच्या गळ्यात पडला.

राणी म्हणाली, “बाळा, आज पदर नाही रे माझ्याकडे. सटवाईला देऊन आले.”

भानूनं पदर शोधलाच नाही. त्यानं दोन्ही हातांनी राणीचे गाल धरले, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, “पदर.” आणि त्याचं रडं थांबलं.

मग राणीला कळलं. ताप आला तेव्हा, दात आले तेव्हा, अंधाराला भ्याला तेव्हा पोर हाकच मारत होतं. आणि ही वेडी त्याच्या हातात कापड देत होती. तिनं त्याला पोटाशी धरलं आणि त्या हाकेला पहिल्यांदा ओ दिली.

“ओ, माझ्या राजा.”

पुढे त्या राज्यात कुणी राणीची कीव केली नाही. भानू मोठा झाला, ‘प’च्याच शब्दांत राज्य करू लागला, आणि ते सगळे सुखानं नांदले. राणीचा पदर अजून त्या बाभळीवर हलतो म्हणे. माझा हा इथे आहे, तुमच्या उशाशी. धरा एकेक टोक, आणि मिटा डोळे.