मेहुण्यांची लाल, व्याह्यांची काळी

आबासाहेब सरकारांना फटफटी घ्यायची होती आणि दारात एकदम दोन येऊन उभ्या राहिल्या. घोटाळा झाला तो इथंच!

साधीसुधी फटफटी नव्हे, क्रूझर! पाय पुढं पसरून, आरामखुर्चीत पानाला चुना लावत बसावं अशा थाटात चालवायची. दोन्ही वापरलेल्या, दोन्ही तेल-पाणी करून नवरीसारख्या नटवलेल्या. लाल होती मेहुण्यांची, म्हणजे राणीसाहेबांचे सख्खे भाऊ विश्रामराव यांची. काळी होती व्याह्यांची, म्हणजे लेकीचे सासरे हणमंतराव यांची. लाल नाकारावी तर राणीसाहेब माहेरची वाट धरणार. काळी नाकारावी तर लेकीला सासरी उठता-बसता टोमणे!

त्यात कोठीचा रिवाज आडवा. पाहुण्यानं विकायला आणलेली वस्तू हात लावून पारखायची नाही. बसून बघायचं नाही, सुरू करायची नाही, आणि मेकॅनिकला बोलावणं म्हणजे तर पाहुण्याला शिवीच. याच रिवाजापायी मागच्या दसऱ्याला एका पाहुण्याकडून घेतलेला घोडा ऐन मिरवणुकीत फतकल मारून बसला होता, आणि सरकार वर तलवार उपसून तसेच! संस्थान कधीच गेलं होतं, सरकारांचा हट्ट मात्र जागच्या जागी होता.

त्यांनी ड्रायव्हर शिदोबाला हाक मारली.

"शिदोबा, पाहुण्यांची जेवणं उरकेपर्यंत सांगायचं, कुठली घ्यायची. हात न लावता! आणि दोघांपैकी एकही रुसता कामा नये."

"सरकार, हे कसं जमायचं?"

"घोडा बसला तेव्हा फिदीफिदी हसायला जमलं होतं ना? मी वरून बघत होतो. नाही जमलं तर गॅरेजमागची खोली रिकामी कर!"

शिदोबा मान खाली घालून मुदपाकखान्यात आला. त्याची लेक सगुणा तिथं पुऱ्या लाटत होती. बापाचं गाऱ्हाणं तिनं लाटणं न थांबवता ऐकलं.

"एवढंच ना? सरकारांना सांगा, सगुणा निकाल देईल."

"अगं, तुला फटफटीतलं काय कळतं?"

"काही नाही. पण बाबा, आठवड्याच्या बाजारात भजीवाला शेजारच्या गाड्यावर जाऊन भजी खाताना दिसला, तर आपण कुठं खायची?"

शिदोबाला काही उमगलं नाही. पण घर जायच्या बेतात असलेला माणूस वाद घालत नाही.

जेवणं झाली, विडे झाले. सगुणा हळदकुंकवाचं ताट आणि दोन नारळ घेऊन अंगणात आली.

"सरकार, एक रिवाज राहिलाच! वाहन घ्यायच्या आधी घाटाखालच्या जाखाईला दाखवून आणायचं असतं ना?"

असला रिवाज सरकारांनी जन्मात ऐकला नव्हता. पण आपल्याच कोठीचा रिवाज आपल्याला ठाऊक नाही, हे चारचौघांत कबूल कोण करणार?

"असतं म्हणजे? असतंच मुळी!" सरकार गरजले.

"घरच्यांनी तर हात लावायचा नाही. तेव्हा दोन्ही पाहुण्यांनी एकेक फटफटी खाली न्यायची. चाव्या या ताटात ठेवा आणि हवी ती उचला. देवीपुढं तुझं-माझं नसतं."

जाखाईचा घाट म्हणजे नास्तिकालाही उतरताना देव आठवावा असा. चाव्या ताटात पडल्या. सगुणानं त्यांना कुंकू लावलं आणि ताट पुढं केलं. लाल फटफटीची चावी जागची हलली नाही. काळीच्या चावीवर मात्र दोन हात एकदम झेपावले!

"अहो विश्रामराव, ही माझी!"

"देवीपुढं तुझं-माझं नसतं, हणमंतराव!"

"मग तुमची लाल न्या की!"

"ती तुम्ही न्या. पाहुण्याला चांगलं द्यावं माणसानं!"

"एवढी चांगली आहे तर तुम्ही का बसत नाही?"

"तसं नाही हो... उताराला तिचा ब्रेक जरा लहरी आहे..."

बोलून गेले आणि विश्रामराव आपल्या फटफटीहून लाल झाले. पडद्याआड राणीसाहेबांच्या बांगड्या जोरात वाजल्या. शिदोबानं मनातल्या मनात खोलीतलं सामान बांधायला घेतलं.

"सरकार, निकाल लागला!" सगुणा झटक्यात म्हणाली. "काळी घ्या! आणि ती निवडली कुणी? विश्रामरावांनी! स्वतःची गाडी बाजूला सारून दुसऱ्याच्या गाडीवर हात ठेवणारा असा सरळ पारखी कुठं मिळायचा? विकल्याचा मान व्याह्यांना, निवडल्याचा मान मेहुण्यांना. बांधा दोघांना फेटे!"

"माझा भाऊ लहानपणापासूनच पारखी!" पडद्याआडून ठसक्यात आवाज आला.

फेटे बांधले गेले. हणमंतराव खूश होऊन लेकराबाळांसाठी पेढे घेऊन गेले. विश्रामरावही खूश होऊन फेट्यासकट एसटीनं गेले. लाल फटफटी मागून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेली.

मग सरकारांनी सगुणाला समोर बोलावलं.

"काय गं, दोघांनी आपापलीच चावी उचलली असती तर?"

"तर दोन्ही गाड्या धड, सरकार! मग डोळे मिटून लाल घ्यायची."

"लालच का?"

"व्याही वर्षातून एकदा येतात. राणीसाहेब रोज समोर असतात!"

"आणि दोघांनी एकमेकांची उचलली असती तर?"

"मग दोघांच्याही हातात नारळ देऊन घाट पायी उतरवायचा!"

सरकार असे हसले, असे हसले की डोक्यावरचा फेटा सुटून मांडीवर आला.

"शिदोबा, गॅरेजमागची खोली आजपासून तुझ्या नावावर! आणि सगुणे, काळीवर माझ्यामागं बसून पहिला फेरा मारायचा मान तुझा!"

"मागं नको, सरकार. मला चालवायला शिकवा, मागं तुम्ही बसा!"

सरकारांना पुन्हा हसू फुटलं, आणि हसता हसताच त्यांनी काळीची चावी तिच्या ताटात टाकली.