काकणमाळाची चिमाक्का

आमच्या ओढ्याला ऐन चैत्रातसुद्धा गुडघाभर पाणी असायचं, त्या काळातली ही गोष्ट. म्हणजे किती जुनी, ते तुम्हीच ठरवा.

तेव्हा शेवरवाडीत चिमाक्का कासारीण यायची. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, पाठीवर बोचकं, आणि आवाज असा की बाई वेशीबाहेर असायची तेव्हाच तिची हाळी मारुतीच्या देवळात ऐकू यायची. "या गं बायांनो! हिरवी आलीया, राजवर्खी आलीया! मागनं म्हणाल, मला न्हाई घावली!" बाया चुलीवरचं कालवण तसंच टाकून धावत सुटायच्या. करपलं तर करपलं!

तिच्या हाताची कीर्ती पार सात गावांत होती. हात कितीही जाडजूड असो, ती तळवा चोळायची, अंगठा आत दुमडायची, "हात सैल सोड गं, का माझी बोटं मोडतीस?" म्हणून दटावायची, आणि बोलता बोलता बांगडी मनगटावर! पाटलीणबाईंच्या गुबगुबीत हातात तिनं एकदा दहा वर्षांच्या पोरीच्या मापाची बांगडी चढवली, असं म्हणतात. ती पुढं जन्मभर उतरली नाही, असंही म्हणतात.

आणि उभ्या हयातीत भरताना तिच्या हातून एकही बांगडी वाढली नाही. वाढली म्हणजे काय, ते लहानांना सांगायला हवं. बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, वाढली म्हणतो. कुंकू पुसलं म्हणत नाही, वाढवलं म्हणतो. अभद्र ओठांवर यायला नको म्हणून उलटं बोलायचं, ही आपली जुनी रीत. रीत गोड आहे. पण भीतीपोटी उलटं बोलायची सवय लागली की माणूस कुठवर जातो, तेच तर या गोष्टीत आहे.

एका दिवाळीनंतर गाठीचा ताप आला. आधी आढ्यावरून उंदीर पडले, मग घराघरात माणसं पडू लागली. गावानं ओढ्यापलीकडच्या माळावर पालं ठोकली आणि आजाऱ्यांना तिकडं नेलं. ओढ्याच्या मधोमध सपाट खडक आहे. त्यावर भाकरी ठेवायची, मागं सरायचं, मग पलीकडून कुणीतरी येऊन ती न्यायची. यात गावाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जीव सगळ्यांनाच प्यारा असतो.

बनाबाई तेलिणीची सून मैना तेव्हा बाळंतपणातून नुकती उठली होती. तिच्या काखेत गाठ आली. बनाबाईनं तान्ही पोर तिच्या पदराखालून काढून घेतली आणि म्हणाली, "बरी हो, आन् ये. पोरीला मी बघते." मैना मागं वळून बघत बघत ओढा ओलांडून गेली.

माळावर गेलेल्यांतले किती तरी गेले. वाचले ते आपापल्या पाहुण्यांकडं पांगले. आणि मैना? मैना वाचली! होळी पेटली तोवर ताप मुलखातून नाहीसा झाला होता. मैना न्हाऊनधुऊन ओढ्याकाठी आली आणि तिनं हाक मारली, "आत्याबाई, म्या बरी झाले. येऊ का?"

गाव अलीकडच्या काठावर गोळा झालं. एकमेकांची तोंडं बघितली आणि म्हणालं, "पाडव्यापर्यंत थांब." पाडवा झाला. "पंचमीपर्यंत थांब." पंचमी झाली. "आता दसराच होऊ दे." तिच्या नवऱ्यानं तर तोंडात मिठाची गुळणी धरली होती. खडकावरची भाकरी आधी रोज जायची, मग एक दिवसाआड, मग आठवण झाली तर. मैनाला माहेरी जाता आलं असतं. पण लेक इथं होती, म्हणून ती माळ सोडीना. दिवस कलला की ती काठावर येऊन उभी राहायची. आणि इकडं बनाबाई नातीच्या डोळ्यांवर तळवा धरायची.

मग कुणीतरी बोललं, कोण ते कुणाला आठवत नाही, असं बोलणारा कधीच कुणाला आठवत नाही: "एवढ्या तापातनं एकटी बाई वाचंलच कशी? मेली आसंल ती. दिसती ती हडळ."

गावाला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! मेलेल्या माणसाला घरात घ्यावं लागत नाही. त्याची माफी मागावी लागत नाही. भाकरीसुद्धा अमावास्येला एकदा ठेवली की भागतं. दसऱ्यापर्यंत सगळं गाव एका तोंडानं सांगू लागलं, तेल्याची सून मेली. दुडुदुडु चालायला लागलेल्या पोरीलाही तेच सांगितलं.

आणि संक्रांतीच्या तोंडावर चिमाक्का आली! साथीमुळं वर्षभर तिची फेरी बंद होती. येताना तिला लांबून माळावर धूर दिसला, आणि धुराशेजारी उभी असलेली एक बाई. बाईनं ओळखीचा हात वर केला. हात भुंडा होता. चिमाक्कानं तो बघितला, पण गावात पाऊल टाकल्यावर एक अक्षर बोलली नाही. हाळीसुद्धा दिली नाही. तिथंच गावानं ओळखायला हवं होतं.

पिंपळाच्या पारावर बाया दाटल्या. मान बनाबाईचा, कारण ती सगळ्यात पुढं घुसली होती. चिमाक्कानं तिचा हात हातात घेतला, हिरवी बांगडी बोटांवर चढवली आणि सहज विचारलं, "बनाबाई, सून कुठाय तुझी?"

"मेली, चिमाक्का."

टिक्! बांगडी वाढली.

चिमाक्काच्या हातून? तिनं दुसरी घेतली. "हात सैल सोड. काय म्हणालीस, कुठाय सून?"

"मेली म्हनलं की!"

टिक्!

मग तिनं दुसरीचा हात धरला. "तू सांग गं, तेल्याची सून कुठाय?" "मेली." टिक्! तिसरी. "मेली." टिक्! पाटलीणबाई आल्या, त्यांनीही तेच सांगितलं, टिक्! पाराखाली हिरव्या काचांचा ढीग झाला. कुणी म्हणतात, चिमाक्काच बोटांनी दाबत होती. पण तिनं बोट लावलं नव्हतं त्या जुन्या बांगड्याही बायांच्या हातात तडकू लागल्या, त्याचं काय? पाटलीणबाईंची ती जन्मभराची बांगडी तेवढी टिकली, असं म्हणतात. तिला बिचारीला बाहेर पडायला वाटच नव्हती.

ऐन संक्रांतीला भुंडे हात! बायांच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी बनाबाई रडकुंडीला येऊन ओरडली, "मेली न्हाई, हडळ झालीया ती! म्हनून वाढत्यात ह्या बांगड्या!"

"आस्सं व्हय!" चिमाक्का उठून उभी राहिली. "मग आधी सांगायचं न्हाई का? लई सोपं हाय. हडळीच्या हातात काकण टिकत न्हाई, सरकून पडतंय. आमच्या कासारांत शेंबडं पोर बी सांगंल. चला वढ्यावर!"

असली काही गोष्ट कासारांत नव्हती. चिमाक्कानं ती तिथल्या तिथं बनवली होती.

पाटील आडवे आले. "आन् खात्री काय, चिमाक्का?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला, पाटील? डोळ्यांनी बगा की!"

निघालं गाव! पुढं चिमाक्का, मागं बाया, कडेवर नात घेतलेली बनाबाई, त्यामागं गडी माणसं. चिमाक्का लुगडं खोचून सरळ पाण्यात शिरली आणि खडकावर जाऊन बसली. मग तिनं वर्षभराची राखून ठेवलेली हाळी दिली, "मैनेऽऽ! ये गं लेकी, बांगड्या भराया ये!"

मैना धावत आली. पाण्यात शिरताना पडली, उठली, खडकाशी पोचली. वर्षात पहिल्यांदा तिचा हात कुणीतरी हातात घेतला. ती त्या हाताकडं बघून रडू लागली.

चिमाक्कानं बांगडी चढवली. मैनानं डोळे पुसायला हात वर केला, आणि बांगडी मनगटावरून, मुठीवरून सरकली ती खडकावर. टिक्!

"हडळ!" अख्खा काठ किंचाळला. दुसरी चढवली. तीही सरकली. तिसरीही. माणसं मागं पळू लागली. चिमाक्काचा चेहरा पांढरा पडला. तिनंच बनवलेली गोष्ट तिच्याच गळ्यात आली होती, आणि ती गोष्ट खरी ठरली तर मैनाला लेक या जन्मी भेटणार नव्हती.

तेव्हा तिनं खाली त्या हाताकडं नीट बघितलं. बोटांच्या काड्या, तळव्याला मांस नाही. मग मात्र ती अशी भडकली, अशी भडकली, की पळणारे जागच्या जागी थांबले.

"थांबा! हडळीचा हात न्हाई ह्यो, उपाशी माणसाचा हात हाय! सकाळधरनं माझ्या येवढ्या बांगड्या वाढल्या. पर वरीसभर ह्या पोरीला भाकर कुणी वाढली का गं?"

पळणारे माना खाली घालून काठाशी परत आले.

तिनं बोचक्यातून दहा वर्षांच्या पोरीच्या मापाची बांगडी काढली, मैनाची मूठ चोळली आणि ती चढवली. "आता हालीव हात!" मैनानं हात हलवला. बांगडी टिकली! दुसरी चढवली. टिकली! तिसरी, चौथी, आणि हात हलला तशी किणकिण वाजली.

त्या आवाजासरशी बनाबाईच्या कडेवरची पोर खळखळून हसली आणि दोन्ही हात पुढं करून झेपावली. बनाबाईनं सवयीनं तिच्या डोळ्यांवर तळवा नेला. मग तो तिचा तिनंच खाली घेतला. ती तशीच पाण्यात उतरली, पोर मैनाच्या ओटीत घातली आणि खडकावर बसकण मारून मोठ्यानं रडली. "जित्ती हाय गं माझी सून. मला ठावं होतं. पयल्या दिवसापास्नं ठावं होतं."

चिमाक्कानं, जो तळवा आत्ता मैनाच्या हातात होता, त्याच तळव्यानं बनाबाईचा हात धरला. बांगडी चढली, आणि वाढली नाही.

मग काय विचारता! लुगडी खोचून सगळ्या बाया ओढ्यात. खडकाभोवती ही झुंबड! त्या दिवशी पाण्याचा खळखळाट ऐकूच येत नव्हता, इतक्या बांगड्या वाजत होत्या, असं म्हणतात. मैनाचा नवरा पाण्यात हात जोडून उभा होता. पोरीला कडेवर घेऊन मैना त्याच्या शेजारून पुढं गेली आणि आपल्या पायांनी घराचा उंबरा चढली. त्याच्याशी ती पाडव्यापर्यंत बोलली नाही. म्हणाली, "थांब."

त्या माळाला आम्ही काकणमाळ म्हणतो. शेवरवाडीत आजही कुणी दुखण्यातून उठलं की त्याची पहिली बांगडी त्या खडकावर भरतात, बाप्या असो की बाई. कासारीण उघड्या हातानं भरते, आणि बांगडी भरून झाल्यावर त्याला पहिली भाकरी शेजाऱ्यानं वाढायची, घरच्यानं नाही. गावात "बरा झाला" म्हणतच नाहीत. "काकण टिकलं" म्हणतात.

परवाच्या त्या मोठ्या साथीत, सगळ्यांची तोंडं झाकलेली होती तेव्हा, ट्रक चालवणारा शिदू माने तालुक्याच्या दवाखान्यातून सुटून आला. मुदत भरली होती, डॉक्टरांनी घरी जा म्हटलं होतं. तरी गडी ओढ्यापलीकडं पिशवी धरून उभाच, पाय उचलेना. एवढ्या मिशा, आणि डोळ्यांत पाणी. अलीकडं काही दारं हळूच लागली, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात सुगंधा कासारीण खडकावर जाऊन बसली आणि तिनं हाळी दिली. त्याच्या पंज्यावर हसून हसून तिनं कशीबशी हिरवी बांगडी चढवली.

शिदूनं हात वर करून हलवला.

"टिकलं का रं?" अलीकडून शेजारणीनं विचारलं.

"टिकलं, काकू!"

"मग ये. ताट वाढलंय."