पासंगाचे वजन

त्या राज्यात न्याय तराजू करीत असे, आणि तो चोख असे. तराजूमहाराजांचे उजवे पारडे जन्मतःच जरा हलके होते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नव्हते. ती उणीव भरून काढायला त्या पारड्याखाली शिशाचा एक ओबडधोबड गोळा सुतळीने बांधलेला असे. त्याचे नाव पासंग.

दरबारातल्या प्रत्येक वजनावर राज्याचा शिक्का होता. पासंगावर नव्हता. हयातभर लोंबकळून त्याने महाराजांचा तोल सांभाळला आणि कधी काही मागितले नाही. एका वर्षी, मापांच्या तपासणीच्या दिवशी, त्याने मागितले.

"महाराज, यंदा मलाही शिक्का मिळावा."

महाराज आवाज खाली आणून म्हणाले, "वेडा की काय तू? तुला शिक्का दिला, की तू कशासाठी बांधलायस ते सगळ्यांना कळेल. मग माझी काय शोभा राहील?"

त्याच दिवशी कालपरवा ओतलेल्या पितळी नवटाकाला, शेराच्या जेमतेम आठव्या हिश्श्याच्या वजनाला, शिक्का बसला. ते फार मिरवू लागले तेव्हा महाराजांनी त्याला भर दरबारात झापले, "उड्या पुरे! आमच्या शेराच्या पासंगालाही तू पुरणार नाहीस."

दरबार खदखदून हसला. एकटा म्हातारा शेर हसला नाही. त्याने वाकून पासंगाकडे कळवळ्याने पाहिले. हसणाऱ्यांना पासंग एक वेळ विसरला असता. ती कीव त्याच्या जिव्हारी लागली.

त्या दिवसापासून तो पारड्याच्या बुडावर अंग घासू लागला. रोज तिळाएवढे अंग झिजे. दुखत असे, पण ते दुखणे त्याला गोड लागे. रिकाम्या तराजूकडे कोणी निरखून बघत नाही, त्यामुळे काटा केसभर सरकला तरी कोणाच्या ध्यानात आले नाही.

मग एकदा तो म्हणाला, "महाराज, लहान तोंडी मोठा घास घेतो. शेर आतून पोकळ होत चाललाय."

"शेर? छे!"

"माझं खोटं ठरो. पण एकदा तोलून तर बघा."

पासंगाने आजवर महाराजांना कधी फसवले नव्हते. डाव्या पारड्यात प्रमाणाचा दगड ठेवला, उजव्यात शेर बसला. शेर वर गेला.

"महाराज, मी होतो तेवढाच आहे हो," शेर म्हणाला. "पुन्हा एकदा तोला."

पुन्हा तोलले. शेर पुन्हा वर गेला. तराजू खोटे बोलत नाही, हे त्या राज्यात सगळ्यांना पाठ होते. शेराला भट्टीत टाकले. तो पुरता वितळेपर्यंत पासंग खालून एकटक बघत राहिला, आणि पोट भरून हसला.

नवा शेर घडवायला ओतारी आला. जुन्याचा रस जुन्याच साच्यात ओतून तो घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "महाराज, साचा काठोकाठ भरला. शेर पुरा होता."

महाराज कापऱ्या आवाजात म्हणाले, "मग मला खोटं पाडलं कुणी?"

"मी," खालून आवाज आला. "पासंगानं!"

आणि अंगाला जोराचा हिसडा देऊन त्याने सुतळी तोडली. गोळा दाणकन दरबाराच्या मधोमध पडला. सगळ्यांनी आधी त्याच्याकडे पाहिले, मग वर.

दोन्ही पारडी रिकामी होती, आणि महाराज एका अंगाला कलून लोंबत होते.